आजीचं ‘न्हाई’ कुठं गेलं?

मागच्या दिवाळीत आमच्या घरात जे भांडण झालं त्याला कारण मी होते. नेमकं सांगायचं तर मी केलेल्या अकरा मिनिटांच्या व्हिडिओतले शेवटचे दोन सेकंद होते.

आजीला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून पाडव्याला गावच्या घरी सगळे जमणार होते. बेळगावहून आमचं गाव बसनं पाऊण तासावर. पुण्याचे काका-काकू, हुबळीची आत्या, सगळी भावंडं. आपल्या मंडळात ‘व्हिडिओचं काम कुणाकडे?’ असं विचारलं की सगळे माझ्याकडे बघतात. घरातही तेच झालं. मग जुने फोटो, पप्पांच्या लग्नाच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेला एक तुकडा आणि शेवटी आजीचं दोन मिनिटांचं बोलणं, असं सगळं मी जोडलं. आजीचं बोलणं आठ दिवस आधी माझ्या फोनवर घेतलं होतं. आजी सोप्यात बसलेली, डोक्यावर पंखा, बाहेर कोंबड्या. शेवटी ती म्हणाली, “माझ्या माघारी भांडत बसू नकासा. तळ्याकडचं शेत काही झालं तरी विकायचं न्हाई.”

पाडव्याच्या रात्री टीव्हीला लॅपटॉप जोडून सगळ्यांना व्हिडिओ दाखवला. सगळ्यांनी शेवटी जे ऐकलं ते असं: “तळ्याकडचं शेत काही झालं तरी विकायचं…” आणि लगेच सनई.

काय घडलं ते मला तेव्हा कळलंसुद्धा नाही. मला ‘न्हाई’ ऐकू आलं होतं. आजी कानानं कमी, ती नुसती हसत होती. टाळ्या झाल्या, जेवणं झाली. काका पुण्याला पोचले आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा पप्पांना फोन आला, “दादा, आईनंच सांगितलंय तर उशीर कशाला? माझ्या ओळखीचा एक एजंट आहे.” पप्पा चक्रावले. त्यांनी आजीला विचारलं. ती म्हणाली, “मी विकायचं न्हाई म्हणून सांगितलंय की.” हे काकांना कळवलं तर काका म्हणाले, “आता तुम्ही शेजारी बसून म्हणायला लावलं तर ती म्हणणारच. व्हिडिओत काय आहे ते पंचवीस माणसांनी ऐकलंय.”

फोन आदळला गेला. आत्यानं मला विचारलं, “खरं सांग, तू काही कापलंस काय?”

मी काहीच कापलं नव्हतं. मी फक्त फेड टाकला होता.

फेड म्हणजे गुणाकार

व्हिडिओ करणाऱ्या प्रत्येकाला फेड माहीत असतो. आवाज हळूहळू चढत आला की फेड इन, हळूहळू विरत गेला की फेड आउट. पण सॉफ्टवेअर आत नेमकं काय करतं हे मी तोवर कधी बघितलं नव्हतं.

संगणकात आवाज म्हणजे आकड्यांची रांग असते. व्हिडिओसाठी साधारणपणे एका सेकंदाला ४८,००० आकडे. फेड आउट म्हणजे या आकड्यांना एका उतरत्या अपूर्णांकानं गुणणं. सुरुवातीला १ नं, मध्यावर ०.५ नं, शेवटी ० नं. एवढंच.

गोंधळ होतो तो आपल्या कानामुळे. कान असं सरळ मोजत नाही. म्हणून आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. आकडे निम्मे केले की पातळी ६ डेसिबलनं उतरते, पाव केले की १२ नं, आठवा भाग उरला की १८ नं, शंभरावा भाग उरला की ४० नं. आणि ऐकणाऱ्याला आवाज ‘निम्मा झाला’ असं वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात.

आता दोन सेकंदांचा सरळ रेषेतला फेड आउट घ्या. पहिला सेकंद संपला तरी आवाज फक्त ६ डेसिबल उतरलेला असतो, ऐकणाऱ्याला फारसं काही जाणवत नाही. शेवटचा अर्धा सेकंद उरतो तेव्हा १२ डेसिबल, पाव सेकंद उरतो तेव्हा १८. त्यानंतर आवाज विहिरीत पडल्यासारखा खाली जातो. म्हणजे टाइमलाइनवर रेष एकसारख्या उताराची दिसते, कानाला मात्र ती आधी पठार आणि मग कडा अशी लागते.

आजीचं ‘न्हाई’ त्या शेवटच्या अर्ध्या सेकंदात होतं. त्या कड्यावर.

तिथंच ते का होतं? कारण ‘न्हाई’ म्हणून झाल्यावर लगेच माझा चुलतभाऊ दारातून ओरडला होता, “झालं काय?” त्याचा आवाज नको म्हणून मी क्लिप ‘न्हाई’ला खेटून कापली. मग सॉफ्टवेअरनं ठरवून ठेवलेला दोन सेकंदांचा फेड आउट त्या टोकाला लावला. सॉफ्टवेअर क्लिपच्या टोकापासून मागे मोजतं. त्या दोन सेकंदांत काय बोललंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

मूळ आवाज गेला नव्हता

मी फोनमध्ये जागा नाही म्हणून मूळ चित्रण फोनवरून काढून टाकलं होतं. आत्याच्या प्रश्नानंतर रात्री हे आठवलं आणि पोटात गोळा आला. पण लॅपटॉपवर त्याची प्रत होती, आणि ती जशीच्या तशी होती.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. व्हिडिओ एडिटिंगची बहुतेक सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात लावत नाहीत. आपण कापतो, फेड टाकतो, आवाज कमी-जास्त करतो, त्या सगळ्या सूचना प्रोजेक्ट नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिल्या जातात. अमुक फाइल घ्या, इथपासून इथपर्यंत दाखवा, शेवटी आवाज उतरवा, अशी ती यादी असते. एक्स्पोर्ट करताना त्या सूचना पाळून नवी फाइल तयार होते. म्हणून मूळ चित्रण आणि प्रोजेक्ट ही दोन्ही असतील तर कुठलीही चूक मागे घेता येते. नुसता एक्स्पोर्ट केलेला व्हिडिओ उरला असेल तर फेडनं दाबलेला शब्द पुरता वर येत नाही. वर ओढायला गेलं तर त्याच्याबरोबर खरखर आणि संगीतही वर येतं.

तेव्हा पहिला धडा: काम संपलं म्हणून मूळ चित्रण पुसू नका.

फेड काढला, तरी शब्द येईना

मी प्रोजेक्ट उघडला आणि फेड काढून टाकला. केडेनलाइव्ह, शॉटकट, डाविंची रिझॉल्व्ह अशा फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपच्या वरच्या कोपऱ्यात एक खूण असते, ती आत ओढली की फेड लांबतो आणि बाहेर सारली की संपतो. तसं केलं आणि ऐकलं. ‘न्हाई’ होतं, पण अजून पुसट. फेड नसताना फेड कसा?

इथून पुढं मी जे शोधलं ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून क्रमानं सांगते.

फेड मनासारखा वागत नसेल तर आधी बघायचं की तो कशाकशावर लागलाय. चित्राचा फेड आणि आवाजाचा फेड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पडदा काळा होत गेला म्हणून आवाज आपोआप उतरत नाही, आणि दोन चित्रं एकमेकांत विरघळली म्हणून त्यांचे आवाजही विरघळतात असं नाही. बऱ्याच वेळा ‘मी फेड टाकला पण आवाज एकदम तुटतो’ या तक्रारीचं कारण एवढंच असतं. चित्र आणि आवाज यांची जोडी सोडवून आवाजाची क्लिप वेगळी निवडा आणि तिच्यावर फेड आहे का ते बघा.

माझ्या बाबतीत ते बरोबर होतं. मग दुसरी जागा, आवाजाच्या पट्टीवरचे कीफ्रेम. कीफ्रेम म्हणजे ‘या क्षणी आवाज इतका’ असं सांगणारा ठिपका. दोन ठिपक्यांच्या मधली पातळी सॉफ्टवेअर स्वतः भरतं. पंख्याची घरघर शेवटी जाणवू नये म्हणून मी कधीतरी तिथं दोन ठिपके ठेवले होते आणि विसरून गेले होते. शेवटच्या ठिपक्याला आवाज निम्म्यावर होता.

आता हिशेब बघा. फेड आणि कीफ्रेम एकमेकांना रद्द करत नाहीत, त्यांचा गुणाकार होतो. शब्द सुरू होताना फेडमुळे आवाज पाव, कीफ्रेममुळे जवळजवळ निम्मा. पाव गुणिले अर्धा म्हणजे आठवा भाग. डेसिबलमध्ये १२ आणि ६ मिळून १८. आणि ही शब्दाच्या सुरुवातीची पातळी. तिथून तो आणखी खालीच जात होता. वर आजी काही भाषण देत नव्हती. वाक्याच्या शेवटी तिचा आवाज आपसूक उतरला होता, तुमचा-माझा उतरतो तसाच.

तिसरी जागा संगीत. सनईचा तुकडा मी त्याच क्षणी फेड इन केला होता. एक उतरतोय आणि दुसरा चढतोय, असं टाइमलाइनवर फार छान दिसतं. पण आजीचा आवाज जिथं आठव्या भागावर आला तिथं सनई निम्म्याच्या वर पोचलेली होती. शब्द तिच्याखाली गाडला गेला.

म्हणून फेड बिघडलाय असं वाटलं की या क्रमानं तपासा. क्लिपवरचा फेड, मग क्लिपवरचे कीफ्रेम, मग त्या ट्रॅकची एकूण पातळी, मग शेजारच्या ट्रॅकवर त्याच क्षणी काय वाजतंय. एका वेळी एकच गोष्ट बंद करायची आणि ऐकायचं. सगळं एकदम बदललं तर दोष कुठं होता ते कधीच कळत नाही. मी आधी तेच केलं आणि एक तास घालवला.

मग मला कसं ऐकू येत होतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचला. मी तो शेवट किमान तीस वेळा ऐकला असेन, हेडफोन लावून. दरवेळी मला ‘न्हाई’ ऐकू आलं.

एक कारण हेडफोन. कानाशी लागलेल्या यंत्रात पुसट आवाजही कळतो. भरलेल्या सोप्यात, पोरांच्या गलक्यात, टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर कळत नाही. दुसरं कारण माझं डोकं. रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञानं १९७० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका शब्दाचा एक ध्वनी पूर्ण काढून त्या जागी खोकला बसवला आणि लोकांना ऐकवलं. ऐकणाऱ्यांना तो नसलेला ध्वनी ऐकू आला. मेंदू वाक्याचा अर्थ धरून गाळलेली जागा भरतो.

मला तर आजीचं वाक्य पाठच झालं होतं. काकांना ते वाक्य माहीत नव्हतं. त्यांच्या मेंदूनं त्यांना जमेल तसं वाक्य पूर्ण केलं. मला आधी राग आला होता की काकांनी मुद्दाम असा अर्थ काढला. आता वाटतं, त्यांनी जे कानावर पडलं तेच ऐकलं.

तेव्हा एक्स्पोर्ट करण्याआधी व्हिडिओ अशा माणसाला ऐकवा ज्याला त्यातलं काहीही माहीत नाही. आणि त्याला ‘बरं वाटलं काय’ असं विचारू नका. ‘शेवटचं वाक्य काय होतं ते सांग’ म्हणा.

‘टक्’ आवाज कुठून येतो?

फेड, कीफ्रेम, सनई सगळं हटवल्यावर शब्द स्वच्छ आला. पण क्लिप जिथं संपत होती तिथं ‘टक्’ असा बारीक आवाज यायला लागला. हा आणखी एक नेहमीचा त्रास.

आवाजाची लाट शून्याच्या वर-खाली हलत असते. ती वर असतानाच कापली तर आकडा एका क्षणात मोठ्यावरून शून्यावर येतो. स्पीकरचा पडदा तसाच झटका खातो आणि आपल्याला ‘टक्’ ऐकू येतं. लाट शून्यावर असताना कापलं तर हा झटका जवळजवळ राहत नाही. पण व्हिडिओच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये काप फ्रेमच्या हद्दीवरच पडतो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे आवाजाचे १,९२० आकडे. त्यातला शून्याचा नेमका आकडा पकडायची सोय नसते. उपाय सोपा आहे. प्रत्येक कापाला दहा मिलिसेकंदांचा, ते जमत नसेल तर एका फ्रेमचा फेड द्यायचा. एवढा छोटा फेड ‘फेड’ म्हणून ऐकूच येत नाही, नुसती टकटक जाते.

ही युक्ती संगणकाच्या फार आधीची आहे. १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी चित्रपट बोलू लागला. त्या जमान्यापासून चित्रपटांत आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या पट्टीच्या रूपात छापला जाऊ लागला. फिल्म कापून जोडली की जोडावर आवाज फुटायचा. तेव्हा संकलक त्या जोडावर काळ्या शाईनं छोटा त्रिकोण रंगवत. प्रकाश एकदम अडण्याऐवजी हळूहळू अडायचा आणि हळूहळू सुटायचा. शाईनं काढलेला फेडच तो. पुढं चुंबकीय टेप आली तेव्हा ती सरळ न कापता तिरकी कापत, साधारण ४५ अंशांत. पाव इंच रुंदीची टेप सेकंदाला १५ इंच धावत असेल तर त्या तिरक्या कापात एक आवाज जाऊन दुसरा यायला साधारण १७ मिलिसेकंद लागतात. कात्री तिरकी धरली की क्रॉसफेड तयार!

पंख्याचं काय केलं

टक् गेलं, तरी शेवट खटकत होता. ‘न्हाई’ संपताक्षणी पंख्याची घरघर भिंतीवर आपटल्यासारखी बंद व्हायची. घरघर चालू असते तोवर तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, थांबली की सगळ्यांचं जातं. म्हणजे उतरवायची ती घरघर, आजीचा शब्द नव्हे. पण दोन्ही एकाच क्लिपमध्ये. आणि शब्दानंतर लांबवायला जागा नाही, कारण तिथं चुलतभाऊ ओरडतोय.

मी त्याच चित्रणात मागे गेले. आजी बोलायला सुरुवात करण्याआधी चारेक सेकंद गप्प बसली होती. तिथं फक्त पंखा होता. तो तुकडा मी आजीच्या क्लिपच्या शेवटी जोडला आणि दोघांमध्ये क्रॉसफेड दिला. मग सगळा फेड आउट त्या पंख्याच्या तुकड्यावर टाकला. आता आजीचं वाक्य पूर्ण होतं, क्षणभर सोप्यातली शांतता राहते, ती विरते, आणि त्यानंतर सनई.

क्रॉसफेडमध्ये दोन अडचणी हमखास येतात. पहिली, सॉफ्टवेअर ‘जागा नाही’ म्हणून नकार देतं किंवा क्लिपच पुढं-मागं सरकवतं. क्रॉसफेडच्या वेळात दोन्ही क्लिप एकदम वाजत असतात, म्हणून कापलेल्या टोकाच्या पलीकडे दोन्हींकडे थोडं जास्तीचं चित्रण शिल्लक लागतं. चित्रण करतानाच बोलणं सुरू होण्याआधी आणि संपल्यावर पाच-पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवलात तर ही वेळ येत नाही.

दुसरी अडचण, क्रॉसफेडच्या मध्यावर आवाज खड्ड्यात जातो. सरळ रेषेच्या क्रॉसफेडमध्ये मध्यावर दोन्ही आवाज निम्मे असतात. एकच आवाज दोन्हीकडे असता तर निम्मा अधिक निम्मा मिळून पुन्हा पूर्ण झाला असता. पण पंख्याच्या दोन वेगवेगळ्या क्षणांच्या लाटा एकमेकींशी जुळत नाहीत, त्यांची बेरीज तशी पूर्ण होत नाही आणि मध्यावर ३ डेसिबल कमी पडतात. अशा वेळी समान शक्तीचा, म्हणजे मध्यावर दोन्ही आवाज सुमारे ०.७ पटीवर ठेवणारा वक्र निवडायचा. उलट एकाच आवाजाच्या दोन प्रती जोडत असाल तर सरळ रेषाच बरी, नाहीतर मध्यावर ३ डेसिबलचा उंचवटा येतो.

शेवटी एकदा मी सगळ्या व्हिडिओचा आवाज एकसारखा करणारी सोय वापरून बघितली, आणि विरत जाणारा पंखा उलट वर यायला लागला. कारण कळायला सोपं आहे. ती सोय हळू आवाज शोधून मोठा करते, आणि फेड तर आवाज हळू करतो. दोघं एकमेकांविरुद्ध ओढतात. पूर्ण क्लिप एकाच पटीनं वाढवणारी सोय फेडला धक्का लावत नाही. क्षणाक्षणाला पातळी बदलणारी सोय मात्र आधी वापरायची आणि फेड तिच्यानंतर टाकायचा.

आणखी एक गोष्ट फोनवर चित्रण करणाऱ्यांसाठी. बरेच फोन सेकंदाला नेमक्या तेवढ्याच फ्रेम घेत नाहीत, उजेडाप्रमाणे संख्या थोडी बदलत राहते. लांब चित्रणात त्यामुळे ओठ आणि आवाज यांची फारकत होऊ शकते. मग चित्र बघून टाकलेला फेड आवाजात भलत्याच जागी पडतो. असं दिसलं तर चित्रण आधी हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमसंख्येत बदलून घ्या आणि फेड नेहमी आवाजाची लाट बघून टाका.

आपली भाषा आणि दोन सेकंद

फेड आउट ही मुळात संगीतातली गोष्ट. हायडननं १७७२ मधल्या एका सिंफनीच्या शेवटी वादकांना एकेक करून उठून जायला सांगितलं. होल्स्टनं ‘द प्लॅनेट्स’च्या शेवटी पडद्याआड गाणाऱ्या बायकांच्या खोलीचं दार हळूहळू बंद करायची सूचना लिहिली. गाणं असं विरत गेलं तर काही बिघडत नाही, राहिलेलं ऐकणारा मनात गातो.

वाक्याचं तसं नाही. त्यातून मराठी वाक्याचं तर नाहीच. आपण मराठी वाङ्मय मंडळवाले, म्हणून हे मुद्दाम लिहिते. इंग्रजीत नकार बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधीच येऊन जातो, वाक्याचं शेपूट विरलं तरी नकार शाबूत राहतो. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही नंतर. ‘येणार’पर्यंत ऐकून काहीच ठरत नाही. पुढं ‘आहे’ येतं की ‘नाही’ यावर सगळं अवलंबून. आपल्या शेजारच्या कन्नडमध्येही ‘इल्ल’, ‘बेड’ शेवटालाच. म्हणजे आपल्या भाषांत वाक्याचा सगळा निर्णय शेवटच्या अर्ध्या सेकंदात असतो, तोच बोलणाऱ्याचा आवाज उतरण्याचा क्षण असतो, आणि सॉफ्टवेअरचा तयार फेड नेमका तिथंच पडतो.

२७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी आपण दरवर्षी कवितावाचनाचे व्हिडिओ करतो. मागचे काढून मी परत ऐकले. सहापैकी दोघांत शेवटचा शब्द फेडनं खाल्लाय आणि एकात फेड इननं पहिला. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण त्यावर कुणाचं शेत अडलेलं नव्हतं. यंदापासून मी एक नियम पाळते. बोलण्यावर फेड टाकायचा नाही. बोलण्यानंतरच्या शांततेवर टाकायचा. शांतता नसेल तर आणून जोडायची.

पुढं काय झालं

मी घरच्या ग्रुपवर आजीच्या मूळ चित्रणाचे शेवटचे वीस सेकंद पाठवले. फेड नाही, सनई नाही, पंखा, कोंबड्या आणि चुलतभावाच्या ओरडण्यासकट. खाली लिहिलं, ‘चूक माझी होती. फेडमुळे शब्द दबला.’ फेड म्हणजे काय हे आत्याला फोनवर समजावून सांगताना हा लेख सुचला.

काकांनी दिवसभर उत्तर दिलं नाही. रात्री पप्पांना फोन आला. ते बराच वेळ बोलत होते, बहुतेक काकांच्या कर्जाबद्दल. पप्पा आतल्या खोलीत होते, दार ओढलेलं होतं, मला सगळं ऐकू आलं नाही. शेताचं काय करायचं ते मोठी माणसं बघतील. निदान आजीनं काय सांगितलं यावर आता वाद नाही.

पुढच्या रविवारी दुरुस्त केलेला व्हिडिओ घेऊन मी गावी गेले. आजीच्या कानाला हेडफोन लावले आणि आवाज मोठा केला. तिनं तो शेवट पहिल्यांदाच नीट ऐकला. मी विचारलं, “आता बरोबर आहे काय?”

“बरोबर आहे,” आजी म्हणाली. “पण ती सनई कशाला लावलीस पोरी? कोंबड्या ऱ्हाऊ दे होत्या.”